आकडा बरोबर होता

मित्रांनो, घरात कुणी चिडलं की तुम्ही म्हणता, "बाबांचा पारा चढला." ते नुसतं बोलणं झालं. खरा पारा चढतो तो माझा. मी एक जुना रक्तदाबमापक आहे. तुम्ही ज्याला बीपीचं मशीन म्हणता तोच, पण हल्लीच्या त्या पीं पीं करणाऱ्या पोरासोरांतला नव्हे. राखाडी लोखंडी पेटी, झाकणाच्या आत उभी काचेची नळी, नळीत पारा, एक कापडी पट्टा आणि एक रबरी फुगा, एवढाच माझा संसार. पट्टा दंडाला गुंडाळायचा, फुगा दाबत राहायचं, पारा वर जातो. मग पेच सैल केला की तो सावकाश खाली येतो आणि स्टेथोस्कोपने ठोके ऐकून रक्त किती जोराने धावतंय ते कळतं. वय झाल्यावर माणसं आठवणी सांगतात, तशा मीही सांगू शकलो असतो. पण माझ्या मनात एकच गोष्ट सलते आहे. ती सांगून टाकावी म्हणून मी आज बोलतो आहे.

माझा जन्म एका अरुंद कारखान्यात झाला. माझ्या नळीवरच्या रेघा एका म्हाताऱ्या कारागिराने डोळ्याला भिंग लावून आखल्या, शून्यापासून तीनशेपर्यंत. आखून झालेली प्रत्येक नळी तो ठेवणीतल्या नळीशेजारी उभी करायचा आणि एका रेघेचा जरी फरक दिसला तरी फोडून टाकायचा. माझ्या आधीच्या सात नळ्या त्याने अशाच फोडल्या होत्या. मालक कुरकुरला, "अहो, एका रेघेनं असं काय आभाळ कोसळणार आहे?" कारागीर म्हणाला, "कोसळलं तर किती कोसळलं ते तरी कळलं पाहिजे ना." हे वाक्य मी आयुष्यभर मिरवलं. खरं तेच दाखवायचं, एवढं केलं की आपलं काम संपलं, असं मी समजत आलो.

तिथून मी एका मोठ्या रुग्णालयात आलो. तपासणीच्या खोलीत दाराजवळच्या टेबलावर माझी जागा होती आणि त्याच महिन्यात रुजू झालेली एक तरुण परिचारिका माझी मालकीण झाली. सगळे तिला सिस्टर म्हणायचे. आम्ही दोघांनी बत्तीस वर्षं बरोबर काढली. हमालांचे दंड, शिक्षिकांचे दंड, भरल्या पोटाच्या बायकांचे दंड, किती म्हणून सांगू. सिस्टरची एक रीत होती. पहिला आकडा ती कुणाला सांगायची नाही. माणसाला दहा मिनिटं बाकावर बसवायची आणि मग पुन्हा मोजायची. त्या दहा मिनिटांत तिच्या चौकशा चालत. जेवलात का, झोप लागते का, जिना चढताना दम लागतो का. बोलता बोलता ती माणसाचा तळहात हातात घ्यायची, नखं बघायची, डोळ्यांत बघायची. मला या चौकशांचा राग यायचा. एवढा चोख आकडा समोर असताना आणखी विचारायचं काय, असं वाटायचं.

रुग्णालयातले मोठे डॉक्टर दुसऱ्या कुठल्या यंत्राचा आकडा ऐकायचे नाहीत. "सिस्टरचं यंत्र आणा," म्हणायचे. मी फुगून जायचो. फुगा माझ्याकडे होताच. पुढे बॅटरीवर चालणारी यंत्रं आली, पाऱ्याची यंत्रं नकोत असा हुकूम निघाला आणि माझी रवानगी कपाटाच्या खालच्या कप्प्यात झाली. भंगारात द्यायच्या सामानाच्या यादीत माझा क्रमांक होता. त्याच सुमाराला सिस्टर निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी वरिष्ठांनी विचारलं, "काय हवं तुम्हाला?" सिस्टरनी मला मागून घेतलं.

सिस्टर एकट्याच राहत. चार मजल्यांची, लिफ्ट नसलेली इमारत, आणि तिच्या दुसऱ्या मजल्यावर आमचं घर. वासरांत लंगडी गाय शहाणी, तशा सिस्टर इमारतीच्या डॉक्टर झाल्या. "सिस्टर, जरा बीपी बघता का?" म्हणत कुणी ना कुणी यायचं. खरं तर मला हा मान रुग्णालयातल्या मानापेक्षाही गोड वाटला. शेजारी एक शिंपी आणि त्यांची बायको राहायची. त्यांना सगळे मास्तर आणि काकू म्हणत. तळमजल्यावर इमारतीचे सेक्रेटरी राहत. त्यांचा अर्धा जन्म सूचना लिहिण्यात गेला होता. नळ गळतोय, त्याची सूचना. नळ दुरुस्त झाला, त्याचीही सूचना.

मग ती साथ आली. रस्ते ओस पडले, दुकानं बंद झाली, माणसं एकमेकांना बघून अंग चोरू लागली. आणि एक गोष्ट अशी झाली, जी मी बत्तीस वर्षांत पाहिली नव्हती. लोक आजारापेक्षा रुग्णालयाला जास्त भिऊ लागले. तिथे गेलेला परत येत नाही, असं जो तो म्हणायचा. धडधाकट जातो आणि रोग घेऊन येतो. एकट्यालाच आत नेतात, घरच्यांना तोंडसुद्धा बघू देत नाहीत. यातलं काही खरं होतं, काही ऐकीव होतं, पण भीतीला चाळणी नसते. सेक्रेटरींनी फाटकावर सूचना लावली की रुग्णालयात जाऊन आलेल्या सभासदाने आणि त्याच्या मजल्यावरच्या सर्वांनी चौदा दिवस दार उघडू नये. एकाने दाढ काढून घेतली, तर अख्ख्या मजल्याचं दूध जिन्याच्या पायरीवर ठेवलं जाऊ लागलं. पुढे दाढ दुखली तरी कुणी बोलेना.

सगळ्यांची धाव मग माझ्याकडे. चक्कर आली, मोज बीपी. धाप लागली, मोज बीपी. सिस्टरनीही आपल्या परीने काळजी घेतली होती. त्यांच्या दाराबाहेर जाळीचा दरवाजा होता. येणाऱ्याने बाहेर खुर्चीवर बसायचं, हाताला दंडापर्यंत सॅनिटायझर चोळायचं आणि हात जाळीच्या गजांमधून आत द्यायचा. आत सिस्टर हातमोजे, मुखपट्टी, डोळ्यांवर चष्मा अशा जामानिम्यात बसत आणि मला त्या हाताला बांधत. बाहेरच्या माणसाचा चेहरा मुखपट्टीमागे आणि जाळीमागे. सिस्टरना दिसायचा तो फक्त हात. दहा मिनिटांच्या चौकशाही आटल्या, कारण बोललं की थुंकी उडते. आकडा सांगायचा आणि पुढचा हात. मला तर वाटलं, आता कुठे माझं खरं चीज झालं. बोलणं नाही, बडबड नाही, फक्त मी आणि माझ्या रेघा. या विचाराची मला आज लाज वाटते.

एका सोमवारी सकाळी मास्तरांचा हात आत आला. त्या दिवसांत मास्तर इमारतीतल्या सगळ्यांसाठी कापडी मुखपट्ट्या शिवून देत होते. उरलेल्या कपड्यांच्या चिंध्या वापरायचे, त्यामुळे सेक्रेटरींच्या तोंडावर लहान मुलाच्या फ्रॉकची फुलं फुललेली असायची. काकू त्यांच्या मागे उभ्या होत्या.

"काय होतंय मास्तर?" सिस्टरनी विचारलं.

"विशेष काही नाही. डावा खांदा भरून आलाय. मशीनवर फार वेळ बसलो ना. आणि जरा मळमळतंय."

पट्टा बांधला गेला आणि मला त्यांचा दंड लागला. तो ओला होता. सॅनिटायझर चोळलेला दंड पहिल्यांदा मला गार लागायचा, पण अर्ध्या मिनिटात कोरडा व्हायचा. हा कोरडा होईना. फुगा दाबला, पारा चढला, उतरला, तरी ओलच. तो घाम होता, मित्रांनो. गार, चिकट घाम. माझा पट्टा त्याने भिजला. मला ते कळलं, आणि ते सांगायला माझ्याकडे एकही रेघ नव्हती. सिस्टरच्या हाताला मोजे होते. पट्टा सोडताना त्या म्हणाल्या, "सॅनिटायझर जरा कमी चोळा मास्तर, पट्टा भिजतोय."

आकडा आला एकशे अठ्ठावीसावर चौऱ्याऐंशी. कुठल्याही पुस्तकात शोभावा असा.

तरीसुद्धा सिस्टर म्हणाल्या, "मळमळतंय म्हणता... एकदा छातीचा ईसीजी काढून घेऊ या का? रुग्णालयात जाऊन?"

"तिकडे?" काकूंचा आवाज चिरका झाला. "सिस्टर, बीपी तर नीट आहे ना?"

"बीपी नीट आहे."

"मग झालं तर. खांदाच दुखतोय. मी शेकून देते."

सेक्रेटरी खालच्या वळणावर उभे राहून ऐकत होते. ते म्हणाले, "नॉर्मल आहे ना? मग उगाच वाघाच्या गुहेत कशाला जायचं? आणि मजला बंद होईल तो वेगळाच."

बत्तीस वर्षं ज्यांनी भल्याभल्यांना ओरडून खाटेवर झोपवलं होतं, त्या सिस्टरनी हट्ट धरला नाही. कदाचित त्यांच्याही मनात फाटकावरच्या त्या सूचनेची भीती शिरली होती. मग म्हणाल्या, "बरं, संध्याकाळी परत मोजू."

संध्याकाळी आकडा आला एकशे अठरा. सेक्रेटरी खुश झाले. "बघा, औषधाशिवाय उतरला." दुसऱ्या दिवशी सकाळी एकशे सहा. काकूंनी सुटकेचा श्वास टाकला. लोकांची समजूत अशी, की बीपी वाढणं वाईट आणि उतरणं चांगलं. पण मास्तरांचं हृदय थकत चाललं होतं म्हणून माझा पारा उतरत होता. सिस्टरच्या कपाळाला आठी पडली. "काकू, हे मला आवडत नाही. आज नेऊ या," त्या म्हणाल्या. काकू म्हणाल्या, "आजचा दिवस जाऊ दे. आता जरा डोळा लागलाय त्यांचा." आणि सिस्टरनी तोही दिवस जाऊ दिला.

बुधवारी सकाळी काकूंनी आमची जाळी वाजवली ती दोन्ही हातांनी. त्या दिवशी सिस्टर जाळी उघडून बाहेर गेल्या. मास्तर खाटेवर बसले होते, ओठ निळसर. मी आकडा दाखवला शहाऐंशी. खालचा आकडा ऐकू येण्याइतका जोरच उरला नव्हता.

रुग्णवाहिका आली. सिस्टरनी सवयीने मला पिशवीत टाकलं आणि त्या काकूंबरोबर गेल्या, म्हणून पुढचं मी पाहिलं. आपलं जुनं रुग्णालय मी कित्येक वर्षांनी बघत होतो. साथीच्या रुग्णांची इमारत वेगळी होती, तिचं फाटक वेगळं होतं, वाट वेगळी होती. हृदयाच्या विभागात शिरलो तर तिथे दहा खाटा, आणि सात रिकाम्या. चादरी ताणून घातलेल्या. फरशी लख्ख. एक परिचारिका नुसती बसून होती. साथीच्या रुग्णांच्या ज्या गर्दीला भिऊन आम्ही दोन दिवस घालवले, ती गर्दी तिथे नव्हतीच.

मास्तरांना आत नेलं. जरा वेळाने तरुण डॉक्टर बाहेर आले. सिस्टरच्याच हाताखाली ते पहिलं इंजेक्शन द्यायला शिकले होते.

"कधीपासून दुखत होतं?" त्यांनी विचारलं.

"परवा सकाळपासून," सिस्टर म्हणाल्या.

डॉक्टर म्हणाले, "तीन-चार महिने झाले, इथे कुणी येतच नाही. जगातला हृदयविकारच संपला की काय असं वाटायला लागलं होतं. येतात ते असे, तिसऱ्या दिवशी." मग हळू आवाजात म्हणाले, "पण तुम्हीसुद्धा, सिस्टर?"

मास्तर त्याच दुपारी गेले. काकूंना आत जाऊ दिलं होतं. त्यांचा हात मास्तरांच्या हातात होता. म्हणजे जी भीती घरी धरून बसलो होतो, तीही खरी निघाली नाही.

महिना गेला. काकू एक दिवस आमच्या दारात येऊन बसल्या. खूप वाळल्या होत्या. म्हणाल्या, "सिस्टर, एक विचारू? तुम्ही नेऊ या म्हणत होतात. मीच अडवलं. बीपी नीट होतं म्हणूनच ना मी अडवलं? ते नीट होतं ना?"

सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "नव्हतं काकू. यंत्र जुनं झालंय माझं. त्यानं चुकीचं दाखवलं. तुमचा काही दोष नाही."

काकू पदर तोंडाला लावून रडल्या आणि मग सिस्टरनी दिलेला चहा त्यांनी पूर्ण प्यायला. मी मात्र आतून पेटलो होतो. ज्या कारागिराने माझ्यासाठी सात नळ्या फोडल्या, त्याच्यासमोर मी कोणत्या तोंडाने उभा राहणार होतो? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. पण काकूंच्या हातातला रिकामा कप पाहिला आणि माझा राग ओसरला. मी म्हटलं, चला, आपल्या बदनामीने कुणाला चार घास गोड लागत असतील तर लागू देत.

इथेच आमची दुसरी चूक झाली. ही बातमी जिन्याने वरखाली फिरली. "त्या डबड्यानं मास्तरांचा घात केला," सेक्रेटरी म्हणाले. सिस्टरनी मला दाराजवळच्या फळीवर ठेवून दिलं आणि इमारतीने बॅटरीवर चालणारं नवं यंत्र आणलं. ते फाटकाजवळच्या टेबलावर बसलं, वर सूचना लागली: "अचूक यंत्र. रुग्णालयात जाण्यापूर्वी येथे तपासावे." म्हणजे सगळ्यांनी बोध घेतला, पण भलताच. यंत्र वाईट होतं, आता चांगलं आणलं, प्रश्न मिटला. घरात बसून राहणं चुकलं, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. तो बोध आम्हीच खोटं बोलून त्यांच्या हातून काढून घेतला होता.

पुढच्या वर्षी साथ पुन्हा उसळली. एका सकाळी सेक्रेटरी आमच्या मजल्याच्या पायरीवर येऊन बसले. नवं यंत्र त्यांनी काखेत आणलं होतं. जबडा चोळत होते. काकू आवाज ऐकून त्यांच्या दारात आल्या.

"काही नाही हो, दातच असावा," सेक्रेटरी म्हणाले. "थोडं कोंदल्यासारखं होतंय, पण बीपी बघा, एकशे सव्वीस. दोनदा मोजलं. नवं यंत्र आहे, चुकायचं नाही. पडतो जरा घरी जाऊन."

सिस्टर जाळीच्या आत उभ्या होत्या. त्यांनी फळीवरून मला उचललं, जाळी सताड उघडली आणि पायरीवर बसून मला सेक्रेटरींच्या दंडाला बांधलं. आज हातात मोजे नव्हते. पारा चढला, उतरला.

"एकशे सव्वीस," सिस्टर म्हणाल्या. "दोघांचं एकमत आहे. सेक्रेटरीसाहेब, माझं यंत्र कधीच बिघडलं नव्हतं. मास्तरांचा आकडाही बरोबरच होता. आकडा बरोबर होता आणि तरी ते गेले. काकू, मी तुमच्याशी खोटं बोलले."

मला वाटलं, आता काकू कोसळतील. काकू दाराची चौकट धरून उभ्या होत्या.

"मला ठाऊक होतं, सिस्टर," त्या म्हणाल्या. "तापलेल्या इस्त्रीपाशी दिवसभर उभं राहूनसुद्धा त्यांना कधी घाम यायचा नाही. त्या सोमवारी मी त्यांचा सदरा तीनदा बदलला. तुम्हाला सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर तुम्ही त्यांना नेलं असतं."

मग त्या पायऱ्या उतरून सेक्रेटरींसमोर उभ्या राहिल्या. "भाऊ, सकाळपासून सदरा किती वेळा बदललात?"

सेक्रेटरींनी मान खाली घातली. "दोनदा," ते म्हणाले.

"उठा मग," काकू म्हणाल्या. "मी येते बरोबर."

अर्ध्या तासात ते रुग्णालयात होते. झटकाच होता, पण वेळेवर पोचले. आठवड्याने घरी आले आणि जिन्याचा कठडा धरून का होईना, अजून आमच्या मजल्यापर्यंत चढतात. काकू त्या रात्रीपासून पुन्हा जेवेनाशा झाल्या. सिस्टर रोज त्यांच्याकडे जाऊन बसतात. दोघी फारसं बोलत नाहीत.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझा कुणी भाऊबंद असेल. त्याला जपा, त्याचा पट्टा कोरडा ठेवा, त्याला आकडा जरूर विचारा. पण रुग्णालयात जायचं की नाही, हे त्याला विचारू नका. तो त्याच्यापुरतं खरं तेच सांगेल, आणि तुम्हाला ऐकायचं असेल तेवढंच तुम्ही ऐकाल. छातीत, जबड्यात, खांद्यात दुखतंय, दरदरून घाम फुटलाय, असं कुणी म्हणालं तर बाहेर साथ असो की वादळ असो, त्याला उठवा आणि न्या. मास्तरांचा त्या सोमवारचा आकडा होता एकशे अठ्ठावीस. सेक्रेटरींचा होता एकशे सव्वीस. दोघांमध्ये फक्त दोन रेघांचा फरक होता, आणि त्यांतले मास्तर आज नाहीत.